बिनवासाचं पाणी

टिपणीसांच्या घरात मासा यायचा तो बाजारच्या पिशवीतून, आणि चार तासांत त्याचा निकाल लागायचा. कायस्थाच्या घरात माशाला याहून जास्त आयुष्य असावं, अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. ही रीत मोडली श्यामसुंदर टिपणीसांनी. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी बाहेरच्या खोलीत तीन फूट लांबीचा फिशटँक आणून ठेवला, त्यात सहा एंजल मासे सोडले आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर बसायला लागले. शुभाताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तळायचे कधी?" त्यावर ते दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत.

माणूस वाईट नव्हता. विक्रोळीच्या एका साबणाच्या कारखान्यात केमिस्ट, नोकरीला सत्तावीस वर्षं झालेली, मुलुंडला सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर स्वतःची जागा. अडचण एवढीच, की प्रयोगशाळेतून घरी आल्यावरही ते प्रयोगशाळेतच असत. शुभाताईंच्या लोणच्याला बुरशी आली तर ते तिचं शास्त्रीय नाव सांगत, लोणचं मात्र फेकावंच लागे. आपल्याला कळतं, हे त्यांना जरा जास्तच कळत होतं.

त्यात त्यांचा एका गोष्टीवर खास राग होता, तो म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. फिशटँक आणला त्या वर्षी त्यांनी नळाचं पाणी तसंच आत ओतलं होतं, आणि एका दुपारीत सहापैकी चार मासे उलटे होऊन तरंगले होते; त्यांच्या जागी चार नवे आणावे लागले. तेव्हापासून क्लोरीनला ते अक्षरशः पाण्यात पाहत. कारखान्यात ग्लिसरीनचा रंग काढायला एक कोळसा वापरत. नारळाच्या करवंटीचा, खास भाजून काढलेला, दाण्यादाण्याला लाखो छिद्रं असलेला. तो पाण्यातला रंग खातो, वास खातो आणि क्लोरीन तर पहिल्या घासाला खातो. टिपणीस आपल्या वरच्या साहेबांना विचारून त्यातला मूठ-दोन मूठ कोळसा घरी आणत, जुन्या पायजम्याच्या कापडात बांधत, काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत नळाखाली धूत आणि फिशटँकच्या कोपऱ्यातल्या फिल्टरमध्ये ठेवत. मग पाणी असं व्हायचं, की मासे हवेत टांगल्यासारखे दिसायचे. पाहुणा आला की त्याला पोह्यांच्या आधी हे पाणी दाखवलं जाई.

सत्याऐंशी साल उजाडायला चार दिवस होते तेव्हा सुनंदा बाळंतपणासाठी माहेरी आली. टिपणीसांची ही एकुलती एक मुलगी. लग्नाला सात वर्षं झाली होती, दोनदा दिवस राहून गेले होते, आणि आता तिसऱ्या खेपेला सातवा महिना लागला होता. जावई चंद्रप्रकाश तिला नागपूरहून पोचवायला आला, दोन दिवस राहिला आणि परत गेला. त्याच्या आईने शुभाताईंना पत्र लिहिलं होतं. त्यात एकच वाक्य कामाचं होतं: "विहीणबाई, दोन जीव तुमच्या ओटीत घातले आहेत." शुभाताईंनी ते पत्र देवाच्या फळीवर ठेवलं.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या फाटकाशी फळ्यावर सूचना लागली. ती लिहिली होती धाकूने. धाकू कणकवलीकडचा, गिरणीच्या संपात नोकरी गेल्यावर इथे वॉचमन म्हणून लागलेला. फाटक, पंप, टाकी आणि फळा ही चारही खाती त्याच्याकडे. अक्षर मात्र मोत्यासारखं. "जमिनीखालच्या टाकीत औषध टाकले आहे. पाण्यास वास येईल. सर्वांनी पाणी उकळूनच प्यावे. हुकमावरून, सेक्रेटरी."

टिपणीसांनी चष्मा सारखा करून ती वाचली आणि हसले. "औषध! ब्लीचिंग पावडर म्हणायला यांची जीभ झडते काय?"

वास मात्र खरोखरच जबर होता. भांडी घासली तरी हाताला यायचा, भाताला यायचा. आणि सुनंदाला आधीच कशाचा म्हणून वास सोसत नव्हता. पेला तोंडाशी नेला की तिला उमळून यायचं. शुभाताईंनी पाणी उकळून, गार करून दिलं, तर ते तिला गंजक्या लोखंडासारखं लागे. एका संध्याकाळी ती पेला ठेवून रडायलाच लागली. "आई, मला तहान लागलीये गं, पण हे पाणी पोटात ठरत नाही."

बापाचं काळीज ते. टिपणीस उठले, दुसऱ्या दिवशी कारखान्यातून पिशवीभर कोळसा घेऊन आले आणि रविवारी सकाळी बाही सरसावून बसले. तीन मातीचे माठ आणले, वरच्या दोन्हींच्या बुडाला बारीक भोक पाडलं, त्यात कापडाची वात घातली. सर्वांत वर नळाचं पाणी, मधल्या माठात धुतलेली वाळू आणि वीतभर कोळसा, आणि खालच्या माठात थेंब थेंब पडणारं पाणी. स्वयंपाकघराच्या खिडकीत लाकडी घडवंचीवर हा मनोरा उभा राहिला. दुपारपर्यंत खालच्या माठात तीन पेले पाणी जमलं. टिपणीसांनी आधी स्वतः चाखलं, मग सुनंदाला दिलं.

तिने घाबरत एक घोट घेतला, मग दुसरा, आणि पेला रिकामा केला. "बाबा, हे तर विहिरीचं पाणी वाटतंय. कित्ती गोड!"

टिपणीसांना सत्तावीस वर्षांत कारखान्यात कुणी इतकं मोठं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं.

शुभाताई म्हणाल्या, "छान झालं. आता हेच मी उकळून देते तिला."

"उकळलंस की गोडी गेली. मग माझ्या दोन दिवसांच्या मेहनतीवर पाणीच पडलं म्हणायचं."

"अहो, पण फळ्यावर उकळायला सांगितलंय."

"फळ्यावर धाकू लिहितो. केमिस्ट मी आहे."

"अतिशहाणा त्याचा बैल रिकामा," असं शुभाताई पुटपुटल्या, पण पुटपुटल्याच. पुढे त्या स्वतःला विचारत राहिल्या की त्या दिवशी मी मोठ्याने का नाही बोलले. लग्नाला तीस वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याची हौस मोडवत नाही, हे त्याचं उत्तर. माठातलं पाणी थेंबाथेंबाने पडायचं, दिवसाला जेमतेम एका माणसापुरतं. म्हणून ते सुनंदाचं पाणी झालं. घरातलं दुसरं कुणी त्याला हात लावत नसे. टिपणीस दिवसभर कारखान्यात असत आणि घरी चहावर जगत. शुभाताई आपलं उकळलेलं, वासाचं पाणी नाक मुरडून पीत.

भोगीच्या दिवशी फिशटँक पहिल्यांदा गढूळला.

सकाळी टिपणीस चहा घेऊन बसले तर काचेमागे कुणी ताक ओतल्यासारखं दिसत होतं. एंजल मासे त्या पांढुरक्यातून मधूनच पुढे येत आणि पुन्हा नाहीसे होत. त्यांना वाटलं, संक्रांतीच्या गडबडीत आपण जास्त खाणं घातलं असेल. कोळसा बदलला, एक तृतीयांश पाणी काढून नवं भरलं. दुसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा ताक, आणि या वेळी त्याला हिरवी झाक होती.

माशांचं खाणं अर्ध्यावर आलं. खडे काढून गरम पाण्याने धुतले गेले. कोळशाची पुरचुंडी दुप्पट झाली. प्रत्येक वेळी पाणी दोन दिवस निवळायचं आणि तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा वाईट व्हायचं. काचेवर शेवाळाचा बुळबुळीत थर चढायला लागला. टिपणीस जुन्या दाढीच्या पात्याने तो खरवडत आणि म्हणत, "फॉस्फेट. कुठून तरी फॉस्फेट येतंय. शेवाळाला पंगत वाढल्यासारखं झालंय."

फिशटँकपाशी वेताच्या खुर्चीत बसून सुनंदा विणकाम करायची. तिने विचारलं, "म्हणजे काय हो बाबा?"

बाबांना एवढंच हवं होतं. "हे बघ, फॉस्फेट म्हणजे खत. शेवाळ त्यावरच वाढतं. माशांच्या उरलेल्या खाण्यातून येतं, त्यांच्या घाणीतून येतं, कपडे धुवायच्या पावडरीत तर भरपूर असतं. आणि गंमत म्हणजे ते दिसत नाही, त्याला वास नाही."

"मग तुमचा कोळसा खात नाही ते?"

"नाही ना. कोळशाला फक्त रंग आणि वास आवडतो. फॉस्फेट त्याच्या हातून निसटतं. कोळशाने पाणी स्वच्छ दिसतं. ते स्वच्छ आहे की नाही, ते निराळंच प्रकरण."

हे वाक्य ते स्वतःच बोलले होते. त्या वेळी खिडकीतल्या घडवंचीवर थेंब पडत होता, सुनंदाच्या हातात पेला होता, आणि त्यांना काहीही वाटलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो.

फेब्रुवारी लागला. एक एंजल मेला, चार दिवसांनी दुसरा. आणि घरातही काहीतरी बिनसत चाललं होतं. सुनंदाचं जेवण तुटलं. आधी भात नको झाला, मग वरणाचा वास नको झाला, मग नुसतं तुपाचं भांडं उघडलं तरी ती मोरीकडे धावायची. अंगात कणकण असायची. दुपारी विणकाम मांडीवर तसंच राहायचं आणि ती डोळे मिटून पडायची. शेजारणी म्हणाल्या, आठवा सरत आला की असंच होतं. डॉक्टरीणबाईंकडे तपासणीची तारीख महिनाअखेरची होती. शुभाताईंना मात्र झोप लागत नव्हती. आधीची दोन्ही वेळची त्यांना आठवण होती आणि ती त्या ओठांवर येऊ देत नव्हत्या.

एका सकाळी त्या टिपणीसांना दाराआड घेऊन म्हणाल्या, "अहो, तिला लघवी फार पिवळी होतेय म्हणते. हळदीसारखी."

टिपणीसांचं अर्धं लक्ष फिशटँककडे होतं. "मग पाणी कमी पडतंय शरीराला. खात नाही, निदान प्यायला तरी हवं. माठातलं दोन पेले जास्त दे."

शुभाताईंनी दोन पेले जास्त दिले. सुनंदाही ते आज्ञाधारकपणे प्यायली. घरात तिच्या पोटात ठरत होतं ते तेवढंच.

त्याच आठवड्यात टिपणीसांच्या डोक्यात उजेड पडायला सुरुवात झाली, तीही माशांमुळे. कारखान्यात कामाचा ताण होता म्हणून त्यांनी आठ दिवस फिशटँकचं पाणी बदललंच नव्हतं. कोळसाही जुनाच होता. हिशेबाने पाणी अगदी सडायला हवं होतं. उलट ते थोडं निवळलं होतं. मग गुरुवारी त्यांनी हौसेने दोन बादल्या नवं पाणी भरलं, आणि शुक्रवारी सकाळी आत पुन्हा हिरवं ताक.

ते चहाचा कप हातात घेऊन उभेच राहिले. पाणी बदललं की बिघडतं, नाही बदललं की सुधारतं. म्हणजे घाण माशांची नव्हती. घाण ते स्वतः बादलीने आत ओतत होते.

शनिवारी त्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटलीत स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी भरून घेतलं आणि कारखान्यात गेले. तिथे बॉयलरच्या पाण्यात फॉस्फेट किती आहे हे रोज बघावं लागे. दोन द्रावणांचे थेंब घालायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. फॉस्फेट असेल तर पाणी निळं होतं. जितकं जास्त, तितका निळा रंग गडद. नळाच्या पाण्याला असा रंग येऊच नये, आला तर डोळे ताणून बघावा लागेल इतका फिका. टिपणीसांनी थेंब घातले आणि घड्याळाकडे बघत बसले. तीन मिनिटांतच परीक्षानळी शाईच्या दौतीसारखी झाली.

त्यांचा मदतनीस राजाराम शेजारून डोकावला. "साहेब, बॉयलरचं आहे काय? जास्त झालाय डोस."

"नाही," टिपणीस म्हणाले. "हे माझ्या घरचं पिण्याचं पाणी आहे."

राजाराम पंचविशीतला, भांडुपच्या चाळीत वाढलेला. गटार आणि नळ यांची सोयरीक त्याला पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. तो सरळ म्हणाला, "मग वाट लागली, साहेब. गटार मुरतंय त्यात. दुसरं काय असणार? संडासाचं नायतर धुण्याचं."

टिपणीसांनी पुन्हा एकदा थेंब घातले. पुन्हा तोच रंग. शनिवारचा अर्धा दिवस होता, तोही संपायच्या आत ते निघाले.

वाटेत त्यांनी मनाला समजावलं की असेल, सगळ्या इमारतीचं पाणी बिघडलं असेल. पण मग दोन महिने सगळे जण तेच पाणी पितायत, आणि कुणाला काही झालेलं नाही. चार मजल्यांवर सोळा बिऱ्हाडं, त्यात लहान मुलं, म्हातारी माणसं. सगळी ठणठणीत. याचा अर्थ प्रकरण एवढं वाईट नसावं. हा विचार त्यांनी मुलुंडपर्यंत घट्ट धरून ठेवला.

फाटकाशी धाकू स्टुलावर बसला होता. पायाशी पांढऱ्या पावडरीचा डबा होता.

"सायब, आज लवकर सुटल्यात?"

"धाकू, खालच्या टाकीचं झाकण उघड."

"कित्याक?"

"उघड म्हणतो ना!"

धाकूने पहारीने लोखंडी झाकण बाजूला सारलं. आतून ब्लीचिंगच्या वासाचा असा भपकारा आला, की टिपणीसांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते गुडघ्यांवर बसले आणि वाकले. पाणी अर्ध्यावर होतं. पाण्याच्या वरच्या भिंतीला, कोपऱ्यापासून खालपर्यंत, बोट जाईल एवढी चीर होती. चिरेतून काळपट ओघळ उतरला होता आणि त्याच्याभोवती हिरवा थर धरला होता. भिंतीच्या पलीकडे दोन हातांवर ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण दिसत होतं, आणि त्याच्या कडेने साबणाचा फेस वर आला होता.

"कधीपासून आहे हे?"

"नाताळाच्या आदी चीर गेली, सायब. ती चेंबर तुंबली काय घाण हय येता. सेक्रेटरी म्हणालो, मार्चात गवंडी लावूया, तवसर सकाळ-सांज पावडर घाल, एक दीस चुकव नको. फळ्यार लिवलंय नाय मी?" धाकू डब्यावर झाकण दाबत म्हणाला. "लोक माका शिव्या घालतत. वासान जेवक होत नाय म्हणतत. पण त्या वासानच राखल्यान हा सगळ्यांक. दोन म्हयन्यात एक माणूस आजारी पडूक नाय."

टिपणीस पुन्हा वाकून चिरेत बघू लागले.

"तुमच्या घरातसून मात्र कधी एक तक्रार नाय," धाकू कौतुकाने म्हणाला. "सायब शिकलेले, त्यांका समाजता, असा मी सगळ्यांक सांगतंय."

टिपणीसांनी डबा जवळ ओढला. समोर डब्यात जी पांढरी पावडर होती, ती गेले दोन महिने या सोळा बिऱ्हाडांच्या दारावर पहारा देत होती. वासाने नाक जळत असेल, पण गटारातून आलेलं जे काही होतं त्याला ती मारत होती; आणि तिच्या हातून वाचून गेलेलं चुलीवरच्या पातेल्यात मरत होतं. पंधरा घरांनी नाकं मुरडली, पाणी उकळलं आणि वासासकट घशाखाली घातलं. सोळाव्या घरात एक केमिस्ट राहत होता. त्याने वीतभर कोळसा घालून तो पहारेकरी स्वयंपाकघराच्या खिडकीतच गारद केला, उकळायलाही बंदी घातली, आणि राहिलं ते सगळं थेंब थेंब गाळून, थंड करून, पोटुशा मुलीच्या हातात दिलं. क्लोरीनने मासे मरतात म्हणून. पण त्यांची मुलगी मासा नव्हती. एवढी साधी गोष्ट, आणि ती कळायला त्यांना चिरेपर्यंत वाकावं लागलं.

ते जिना कसे चढले हे त्यांना नंतर आठवत नसे.

दार उघडंच होतं. शुभाताई आत पोळ्या लाटत होत्या. बाहेरच्या खोलीत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत आलं होतं आणि फिशटँकवर पडलं होतं. काल रात्री घातलेल्या नव्या कोळशाने आपलं काम चोख केलं होतं. पाणी इतकं नितळ झालं होतं, की मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख आरपार वाचता यावी. चार एंजल मासे त्यात हलत होते. आणि त्या उन्हातच, वेताच्या खुर्चीत, सुनंदा तळहात खाजवत बसली होती. शेजारी स्टुलावर रिकामा पेला होता.

"बाबा, बघा ना, आज पाणी एकदम झकास झालंय," ती म्हणाली. आवाज दमलेला होता. "आणि मला अजून एक पेला द्याल? आईच्या हाताला पीठ आहे."

टिपणीस तिच्यासमोर खाली बसले. "सुनू, जरा वर बघ. खिडकीकडे."

"का?"

"बघ गं."

तिने मान वर केली. उन्हात तिच्या डोळ्यांचं पांढरं पिवळं दिसलं. ऊन पडल्यामुळे असेल म्हणून त्यांनी खिडकीचा पडदा ओढला. सावलीत ते आणखीच पिवळं दिसलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि नखं बघितली. मग ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि घडवंचीवरचा वरचा माठ दोन्ही हातांनी उचलून मोरीत आपटला. शुभाताई लाटणं हातात घेऊन बघत राहिल्या. मधला माठ फुटला तेव्हा ओला काळा कोळसा मोरीभर पसरला. खालच्या माठाला त्यांनी हात घातला आणि मग त्यांचा हातच उचलेना.

"अहो, काय करताय हे?"

"शुभा, रिक्षा बोलव," ते म्हणाले. "कावीळ आहे तिला."

शुभाताईंनी लाटणं ठेवलं, देवाच्या फळीवरचं पत्र उचलून कमरेला खोचलं आणि हात न धुताच खाली धावल्या.

प्रसूतिगृहात डॉक्टरीणबाईंनी सुनंदाला तपासलं, पोटावर हात ठेवून बराच वेळ कान देऊन ऐकलं, रक्त घेतलं आणि तिला आतल्या खोलीत निजवून सलाईन लावायला सांगितलं. मग त्या बाहेर बाकाशी आल्या. बोलण्यात घाई नव्हती, आणि टिपणीसांना त्याचीच जास्त भीती वाटली.

"बाळाचे ठोके लागतायत. पण मी तुमच्यापासून लपवणार नाही. इतर माणसाला कावीळ झाली तर महिनाभर पथ्य करून तो उठतो. आठव्या-नवव्या महिन्यात या पाण्याच्या काविळीचं तसं नसतं. लिव्हर कधी हात टेकेल सांगता येत नाही. आईचंही आणि बाळाचंही मला आत्ता काही सांगता येणार नाही. मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल, मी फोन केलाय. जावयांना बोलावून घ्या."

शुभाताईंनी पदर तोंडाशी धरला. त्यांच्या हाताचं पीठ वाळून पांढरं झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "मला नोंद करायला हवी. म्युनिसिपालिटीला कळवावं लागतं. बाहेरचं काही खाल्लं होतं तिने?"

"नाही," शुभाताई म्हणाल्या. "दोन महिने घराबाहेर नाही पडली."

"मग पाणीच. ही कावीळ दिसायला महिना-दीड महिना लागतो, म्हणजे जानेवारीपासून पोटात गेलंय. इमारतीत आणखी कुणाला झालीये?"

"नाही."

"एकालाही नाही?"

"नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. "असं कसं? टाकी एकच ना तुमची? मग सगळ्यांना सोडून तुमच्याच घरात कशी आली? तुमच्या घरच्या पाण्यात वेगळं काय होतं?"

शुभाताईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. त्या रागावल्या असत्या तर टिपणीसांना बरं वाटलं असतं. आतल्या खोलीतून सुनंदाचा आवाज आला, ती नर्सकडे पाणी मागत होती.

टिपणीसांनी चष्मा काढला. सत्तावीस वर्षं ते लोकांना पाण्यात काय आहे ते सांगत आले होते, आणि आज ते जे सांगणार होते तेवढं खरं त्यांनी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "आमच्या पाण्याला वास येत नव्हता. तो मी काढला होता."